फॉरमॅट मोजून अकरा!

आज दिवसभर टिळकवाडीतल्या खोलीत एकाच गोष्टीमागे होतो. खानापूरकडच्या एका सोसायटीच्या ऊसबिलांच्या एक्सेल फायली वाचणारा माझा पायथन कोड फार रखडायचा.

एक्सेलमध्ये तारीख म्हणजे नुसता आकडा. ४५६५८ म्हणजे १ जानेवारी २०२५. तो आकडा तारीख आहे की रक्कम, हे सेलच्या, म्हणजे चौकटीच्या, फॉरमॅटवरूनच कळतं; आकडा कसा दाखवायचा, ते त्यात लिहिलेलं असतं. कोड प्रत्येक सेलपाशी थांबून फॉरमॅटची अख्खी ओळ तपासत होता. लाखभर सेल आणि फॉरमॅट मोजून अकरा! आता प्रत्येक फॉरमॅट एकदाच तपासतो, उत्तर डिक्शनरीत, म्हणजे कोडमधल्या नोंदवहीत, ठेवतो. एक्सेलच्या तयार फॉरमॅटना क्रमांक असतात; त्यातले १४ ते २२ तर तारीख-वेळेचे ठरलेलेच, तिथे तपासायचंही कारण नाही.

एका ठिकाणी मात्र अडलो. उणे रकमा लाल दाखवायच्या फॉरमॅटमध्ये चौकोनी कंसात ‘रेड’ असतं. त्यातला ‘डी’ कोडला दिवसाचा वाटला, आणि एका शेतकऱ्याचे ३४० रुपये झाले ५ डिसेंबर १९००! छातीत धस्स झालं. कुणाच्या तरी घामाचे पैसे ते. रंगाचं नाव आधी बाजूला काढायला लावलं, मग सगळे आकडे हाताने पडताळले.

संध्याकाळी सोसायटीच्या काकांना फोन केला, “काका, बिलं उद्या सकाळीच निघतील.”