नैरोबीत प्रकाशन, आणि गोदामात अडकलेली 200 पुस्तकं

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. भारतातून केनियात स्वतःचीच पुस्तकं मागवणार असाल, तर बिलावर किंमत शून्य लिहू देऊ नका. 'भेट, विक्रीसाठी नाही' असं लिहूनही चालत नाही. एका प्रतीच्या छपाईला जो खर्च आला तो आकडा, प्रेसच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी हवा. माझे अठरा दिवस त्या एका शून्यापायी गेले, आणि त्या दिवसांत ज्यांनी मला धरून ठेवलं त्यांचे आभार पुस्तकात छापायचे राहून गेले. म्हणून हे लिहिते आहे.

पुस्तक म्हणजे माझा पहिला कवितासंग्रह. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर स्वाहिली. नैरोबीत राहून अकरा वर्षं झाली होती. स्वाहिली अनुवाद केला एका निवृत्त शिक्षकांनी. इथे शिक्षकांना 'म्वालिमु' म्हणतात, मीही त्यांना तसंच म्हणते. ते मला 'दादा' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चपापले होते. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, आणि काका म्हणजे भाऊ!

आमच्या काही बैठका बांडा स्ट्रीटवरच्या मॅकमिलन ग्रंथालयात झाल्या. दारात दगडी सिंह आहेत. 1931 साली उघडलं तेव्हा तिथे फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. त्याच इमारतीत बसून आम्ही दोघं बोटांवर अक्षरं मोजायचो. स्वाहिलीत 'उतेंझी' नावाचा जुना काव्यप्रकार आहे, त्याच्या प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. आपल्या लहान अभंगाच्या चरणातही आठच. हे कळलं त्या दिवशी म्वालिमु पुन्हा पहिल्या कवितेवर गेले आणि तोवर केलेला सगळा अनुवाद त्यांनी बाजूला ठेवला. पुढचे सात महिने त्यांनी एका शिलिंगचीही अपेक्षा न ठेवता काम केलं.

छपाई पुण्यात झाली, त्यात काही अडलं नाही. दोन खोकी, 200 प्रती, 3 नोव्हेंबर 2023 ला शुक्रवारी नैरोबीच्या विमानतळावर उतरल्या. प्रकाशन भाऊबीजेनंतरच्या शनिवारी, 18 तारखेला. हाताशी पंधरा दिवस होते. मला वाटलं, झालंच आता.

माल सोडवायला एक क्लिअरिंग एजंट धरला होता. त्याचं नाव लिहीत नाही. सोमवारी त्याने माझा कर-पिन मागितला. (हा आधीच काढून ठेवा, त्याशिवाय आयातीचा अर्ज पुढे सरकत नाही.) मंगळवारी त्याला पुस्तकात काय आहे याचा इंग्रजी गोषवारा हवा होता, कारण लिपी कुणाला वाचता येत नव्हती. धार्मिक आहे का, राजकीय आहे का, असं विचारलं. म्वालिमुंनी त्याच रात्री पानभर लिहून दिलं. बुधवारी उत्तर आलं, 'केशो'. केशो म्हणजे उद्या. गुरुवारी संध्याकाळी सहाला त्याचा फोन आला, की बिलावर किंमत शून्य आहे, आणि शून्यावर कर कसा लावणार?

ते बिल त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. इथे 2013 च्या कायद्यापासून पुस्तकांवरही 16 टक्के व्हॅट आहे, आणि तो मालाच्या किमतीवर ठरतो. हे मला माहीत नव्हतं, पण त्याचं तर रोजचं काम हेच. शुक्रवारी तोंडी सांगितलं असतं तरी मी त्याच रात्री पुण्याला कळवलं असतं. गुरुवारी कळलं, आणि दुसऱ्या दिवशी होती धनत्रयोदशी. प्रेसला कुलूप. मालक गावी गेले होते, शिक्का प्रेसमध्ये. फोनवर तेही हळहळले, पण उघडणार सोमवारी, 20 तारखेला. माझ्या प्रकाशनानंतर दोन दिवसांनी.

तरी मी विमानतळावर जात राहिले. पार्कलँड्सहून मोंबासा रोडने. त्या नोव्हेंबरात एल निनोचा पाऊस होता, रस्त्यांचे ओढे झाले होते. 13 तारखेच्या सोमवारी सरकारने झाडं लावण्यासाठी देशभर सुट्टी दिली. एरवी मला किती आनंद झाला असता! त्या दिवशी मी नुसती बंद फाटकाकडे बघत राहिले. ठरावीक दिवस उलटले की गोदामाचं भाडं रोज चढतं, हेही तिथेच कळलं. तिथला एक हमाल मला रोज बघायचा. बुधवारी तो स्वतः आत जाऊन आला आणि म्हणाला, मामा (इथे बाईला आदराने असंच म्हणतात), तुमची खोकी वरच्या फळीवर आहेत, पाणी आलं तरी भिजणार नाहीत. कागदावर त्याने काही पुढे सरकलं नाही. पण त्या रात्री मी झोपले.

गुरुवारी म्वालिमु म्हणाले, दादा, कविता गोदामात नाहीत, आपल्याकडे आहेत. तेवढ्यावर मी रिव्हर रोड गाठला. तिथे छपाईची दुकानं एकाला एक लागून आहेत. चोवीस पानांची पुस्तिका, साठ प्रती. पहिल्या प्रुफात सगळी जोडाक्षरं फुटलेली आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर. (देवनागरी मजकूर बाहेर छापायचा तर वर्डची फाइल नेऊ नका, फॉण्ट आत बसवलेली पीडीएफ न्या.) संगणकावरची मुलगी एकही अक्षर ओळखत नव्हती. माझ्या फोनमधलं पान शेजारी धरून तिने ओळ न् ओळ ताडून पाहिली. वाया गेलेल्या कागदाचे पैसे घेतले नाहीत आणि पावसात रात्री नऊपर्यंत थांबली.

शनिवारी सभागृहात सत्तरेक माणसं होती. आमच्या मंडळींनी घरची चकली आणली होती, म्वालिमुंच्या घरून मंडाझी आले होते. मी मराठी वाचायचे, ते स्वाहिली. दुसऱ्या कवितेपासून मागच्या रांगेतले त्यांचे जुने विद्यार्थी ओळीच्या शेवटचं यमक त्यांच्याबरोबर म्हणू लागले. माझी ओळ, त्यांच्या आवाजात! छापील ऋणनिर्देश खोक्यात बंद होता, म्हणून आभार तोंडीच मानले. घरच्या, गुरुजनांच्या नावांनंतर हमालाचं आलं, रिव्हर रोडच्या मुलीचं आलं, आणि मग मला पुढे बोलवेना. 'असांते', म्हणजे धन्यवाद, एवढंच म्हणाले. न पाहिलेल्या पुस्तकाचे पैसे त्रेचाळीस जणांनी तिथल्या तिथे एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून, पाठवले.

खोकी मंगळवारी, 21 तारखेला सुटली. नव्या बिलाचा शिक्का बघायला त्यांना पाच मिनिटं लागली.

आणखी एक, पार्सलवर 'छापील मजकूर' असं मोघम लिहू नका, 'छापील पुस्तकं' असं स्पष्ट लिहा आणि 4901 हा मालाचा क्रमांक घाला.

पहिली प्रत म्वालिमुंना दिली, दुसरी गोदामातल्या त्या हमालाला. मग घरी बसून प्रत्येक प्रतीत ऋणनिर्देशाच्या पानावर, छापलेल्या नावांखाली, शाईने हमालाचं आणि रिव्हर रोडच्या मुलीचं नाव लिहायला घेतलं. एकशे एकोणसत्तर झाल्या. एकोणतीस राहिल्या आहेत.