गाडीचा खर्च व्यवसायाच्या हिशेबात घेताना : माझा अनुभव

नाशिकमध्ये माझा द्राक्षांच्या पॅकिंगसाठी लागणाऱ्या साहित्याचा लहानसा व्यवसाय आहे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागांतल्या बागायतदारांकडे नमुने दाखवायला आणि वसुलीला मला स्वतः जावे लागते. त्यासाठी २०२४ च्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबर रोजी, मी नऊ लाखांची गाडी घेतली. हीच गाडी घरच्यांनाही लागते, आणि खर्चाची वजावट घेताना सगळा प्रश्न तिथेच येऊन थांबतो.

आमच्या सी.ए. मॅडमनी पहिला प्रश्न गाडीबद्दल विचारलाच नाही. आयकराचे रिटर्न कोणत्या पद्धतीने भरता, हे विचारले. आयकर कायद्याच्या कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा गृहीत धरून कर भरणाऱ्याला पेट्रोल, दुरुस्ती किंवा घसारा (वापरामुळे गाडीच्या किमतीत दरवर्षी धरली जाणारी घट) वेगळा दाखवता येत नाही, कारण तो सगळा खर्च त्या टक्केवारीतच वजा झाला असे कायदा मानतो. माझ्या व्यवसायात नफ्याचे प्रमाण त्याहून कमी असल्याने मी सुरुवातीपासून हिशेबाची पुस्तके ठेवून आयटीआर-३, म्हणजे धंद्याचा प्रत्यक्ष हिशेब दाखवायचा रिटर्नचा फॉर्म, भरत आलो आहे, म्हणून माझा मार्ग मोकळा होता. एकदा ४४एडी स्वीकारून मधेच ते सोडणाऱ्याला पुढची पाच वर्षे त्याकडे परत जाता येत नाही. केवळ गाडी घेतली म्हणून घाईने पद्धत बदलू नये, असे मला मनापासून वाटते. नव्या कररचनेत कसलीच वजावट मिळत नाही, हा समजही मला होता. तो चुकीचा निघाला. व्यवसायाचा खर्च आणि नेहमीचा घसारा दोन्ही रचनांत मिळतो.

माझी पहिली चूक टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये झाली. कर्जाच्या पाच हप्त्यांचे मिळून ६२,२७५ रुपये मी सरळ खर्चाला टाकले होते. मॅडमनी बँकेचा तक्ता मागवला आणि त्यातले व्याज, सुमारे २१,९०० रुपये, तेवढेच खर्चात ठेवले. मुद्दल म्हणजे गाडीची किंमत, आणि ती घसाऱ्याच्या रूपाने वर्षावर्षाने वजा होते. गाडीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळेल, म्हणजे तो मला भरायच्या जीएसटीतून वजा होईल, अशीही माझी आशा होती. चालकासह तेरा माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ते माझ्यासारख्या व्यापाऱ्याला मिळत नाही, त्यामुळे तो कर किमतीतच धरला गेला.

मोटारगाडीवर घसारा १५ टक्के. मात्र गाडी त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्माच मिळतो. १२ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे १७१ दिवस होतात. घटस्थापनेला, म्हणजे ३ ऑक्टोबरला, गाडी वापरात आली असती तर बरोबर १८० दिवस भरले असते आणि पूर्ण घसारा मिळाला असता. मला याची हळहळ वाटली, पण राहिलेली रक्कम बुडत नाही. ती गाडीच्या उरलेल्या किमतीत राहते आणि पुढच्या वर्षांत तिच्यावर घसारा मिळतो.

सर्वांत जास्त वेळ गेला तो व्यवसायाचा हिस्सा ठरवण्यात. स्वतःच्या धंद्यासाठी गाडी वापरणाऱ्याला आपल्या कायद्यात किलोमीटरमागे ठरावीक दर नाही. प्रत्यक्ष खर्च दाखवायचा, आणि कलम ३८(२) प्रमाणे वापर पूर्णपणे धंद्यासाठी नसेल तर योग्य तेवढ्याच भागाचा घसारा मिळतो. हा भाग किती, हे अधिकारी विचारू शकतो. सुदैवाने पहिल्या दिवसापासून माझ्या गाडीत एक वही होती, तिच्यात तारीख, निघताना आणि परतल्यावरचे किलोमीटर, गाव आणि काम एवढेच लिहिलेले असे. दिवाळीतला गुहागरचा प्रवास, लग्नकार्ये आणि घर ते गोदाम ही रोजची ये-जा आम्ही खासगीत धरली. गोदामाची ये-जा धंद्यात घ्यावी, असा माझा आग्रह होता. मॅडमनी तो मानला नाही, आणि आज मला त्यांचेच बरोबर वाटते. फेब्रुवारीत, ऐन हंगामात, धंद्याचा वापर खूप असतो. पण एका महिन्यावरून प्रमाण न काढता आम्ही सर्व १७१ दिवस धरले. एकूण ११,४०० किलोमीटरपैकी ७,९८० व्यवसायाचे निघाले, म्हणजे ७० टक्के.

मग आकडेमोड सोपी होती. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग आणि व्याज मिळून खर्च १,२५,००० रुपये. त्याचे ७० टक्के ८७,५००. घसारा ६७,५००, त्यातले ४७,२५० ग्राह्य. एकूण वजावट १,३४,७५० रुपये झाली. आयटीआर-३ मधील घसाऱ्याच्या तक्त्यात ३८(२) खाली न मिळणाऱ्या रकमेचा वेगळा रकाना आहे. तिथे घसाऱ्याचे उरलेले २०,२५० रुपये आम्ही स्वतःहून दाखवले. पेट्रोल पंपाच्या पावत्यांवरची शाई दोन-तीन महिन्यांत उडते, म्हणून मी त्यांचे फोटो काढून ठेवले होते आणि पैसे व्यवसायाच्या खात्यातूनच यूपीआयने दिले होते. त्या वर्षी रिटर्नची मुदत वाढून १६ सप्टेंबर २०२५ झाली होती. आमचे रिटर्न त्याआधीच गेले.

ही कलमे १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे २०२६-२७ पासूनच्या उत्पन्नाच्या रिटर्नच्या वेळी ते नव्याने पाहावे लागतील.

दुसऱ्या वर्षासाठी गाडीची उरलेली किंमत, नऊ लाखांतून ग्राह्य झालेले ४७,२५० वजा करून, ८,५२,७५० रुपये धरली आहे. वहीही दुसरी सुरू झाली असून, मुलगा कॉलेजला गाडी घेऊन जातो तेव्हा तोही जाताना-येतानाचे किलोमीटर त्यात लिहितो.