रिपोर्ट नॉर्मल आलाय

आज सकाळी बायकोच्या फोनवर पुन्हा एक मेसेज आला. ‘मॅडम, थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आलाय. आता गोळी बंद करू का?’ खाली रिपोर्टचा फोटो, तिरका, अर्ध्या कागदावर अंगठ्याची सावली.

हा नंबर अजून चालू का, असं लेक विचारते आणि मी बँकेचं काहीतरी कारण सांगतो. बँकेचं काम कधीच संपलंय. तिलाही ते ठाऊक असावं. असो.

या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे. अगदी तिच्या शब्दांत. ‘रिपोर्ट नॉर्मल आलाय तो गोळीमुळे आलाय. गोळी थांबवलीत तर तो परत बिघडणार. तुमची ग्रंथी जे पुरेसं बनवत नाही ते आपण बाहेरून देतोय, एवढंच. सकाळी उठल्याउठल्या, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. पुढचा अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती चार तासांनी.’ हे तिने ओट्याशी उभं राहून, खांद्याने फोन कानाशी दाबून सांगितलेलं मी ऐकलंय. लग्नाच्या हॉलमध्ये, गाडीत, एकदा तर आम्ही दोघं कडाक्याचं भांडत असताना मध्येच. आवाज लगेच बदलायचा. कितव्यांदा सांगतेय याचा त्यात मागमूस नसायचा, समोरच्याला वाटावं की हा प्रश्न जगात पहिल्यांदा त्यालाच पडलाय.

आणि मी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारली तर? ‘मघाशी सांगितलं ना.’

तर सकाळपासून मी इथे अडकलोय. मेसेजचं दुःख झालं असतं तर ते समजण्यासारखं होतं, त्याची आता सवय आहे. पण मला दुःख झालं नाही. मला हेवा वाटला. ज्या बाईला मी कधी पाहिलंही नाही तिचा हेवा, की तिच्याजवळ अजून विचारायला प्रश्न शिल्लक आहे आणि तो विचारताना तिला खात्री आहे की उत्तर नीट मिळेल.

आधी सरळ लिहायला घेतलं, ‘मॅडम आता नाहीत.’ पुसलं. नाहीत म्हटलं की लोक विचारतात, मग कधी येतील? मागे एकांना स्पष्ट कळवलं होतं, तर त्यांचा फोन आला आणि ते इतके रडले की शेवटी मीच त्यांना धीर देत बसलो. तेही ‘माझ्या’ डॉक्टर म्हणत होते. सगळेच म्हणतात. माझ्या डॉक्टर, आमच्या मॅडम. मी मात्र ‘आमची ही’ असं कधी म्हटलं नाही, तशी आमची पद्धतच नव्हती.

लग्नात ती एमबीबीएस होती, पण स्वतःला डॉक्टर मानायची नाही. ‘एमडी झाल्याशिवाय नाही.’ मग लेक झाली, आणि लेक मांडीवर असतानाच प्रवेशपरीक्षेचा अभ्यास सुरू झाला. ते जाडजूड प्रश्नसंच मी वाचून दाखवायचो, रोगांची नावं चुकीची उच्चारून, आणि ती डोळे मिटून उत्तर द्यायची. लेकीला झोपवताना ती कवटीच्या बारा नसा म्हणायची. ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर, ट्रॉक्लिअर, ट्रायजेमिनल… फेशियलपर्यंत पोरगी झोपलेली असायची. त्यामुळे तिला आजही पहिल्या सातच येतात आणि मला बाराच्या बारा. मी हिशेब तपासणारा माणूस. हायपोग्लॉसलचा मला आयुष्यात काय उपयोग?

मग रेसिडेन्सीची तीन वर्षं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांच्या घरात कुणी केलीय त्यांना माहीत आहे. सकाळी गेलेलं माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येतं आणि चप्पल काढतानाच झोपतं. वर थीसिस. अक्का होत्या म्हणून निभावलं. दादांनी त्या काळात जे बोलून ठेवलं ते मी विसरलेलो नाही, पण ते इथे नको.

लेकीला तापात फणफणलेली ठेवून ती ड्यूटीवर गेली ती रात्र मात्र आठवते. कपाळाला हात लावला, घसा पाहिला, मान वाकवून पाहिली, म्हणाली, ‘व्हायरल आहे. पाणी पाजत राहा, लघवी होतेय ना ते बघ, झोपेतून उठत नाही असं वाटलं तर मात्र लगेच घेऊन ये.’ आणि गेली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तिचं निदान बरोबर असायचं हाच तर वैताग होता. चुकली असती तर भांडता आलं असतं.

लेक पाचेक वर्षांची असताना कुणीतरी नेहमीसारखं विचारलं, मोठेपणी तू कोण होणार? आईसारखी डॉक्टर? ती म्हणाली, ‘पेशंट.’ सगळे हसले, ही सगळ्यांत मोठ्याने हसली. त्या रात्री बाथरूममधला नळ बराच वेळ चालू होता. मी दार वाजवलं नाही. काय बोलणार होतो? मलाही तेच व्हायचं होतं.

शोकसभेत एका वक्त्यांनी मला आजच्या काळातले गोपाळराव म्हटलं. टाळ्याही पडल्या. मला तिथेच अवघडल्यासारखं झालं. एक तर गोपाळराव जोशी हे काही कुणाला लावावं असं विशेषण नव्हे. बायको शिकावी म्हणून त्या माणसाने जिवाचं रान केलं हे खरं, आणि त्याच शिक्षणापायी तिच्यावर हात उगारला हेही खरं. मी फक्त प्रश्नसंच वाचले आणि डबे भरले. तिला कुणी डॉक्टर ‘केलं’ वगैरे नाही. ती झाली, मी घरात होतो.

पण घरी येऊन आनंदीबाईंचाच विचार करत बसलो. चौदाव्या वर्षी आई झाली, मूल दहा दिवसांत गेलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये एमडी. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झालेली. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेली, बाविसावं वर्षही पुरं व्हायच्या आत. कोल्हापूरला रुजू व्हायचं राहूनच गेलं. शाळेपासून ही गोष्ट ऐकत आलोय आणि डोळ्यांत पाणी आणायची वेळ आली की आणत आलोय. या वेळी मनात भलतंच आलं. गोपाळरावांना निदान बायकोच्या पेशंटांचा हेवा करायची वेळ आली नाही. माझ्या बायकोला ओपीडीत तीसेक वर्षं मिळाली, आणि मी तक्रार काय करतोय तर ती तिथल्या लोकांशी फार चांगली वागायची.

कळतंय. तरी हेवा जात नाही. आकडे जुळले म्हणून मनाचा ताळेबंद जुळतोच असं नाही.

तो आवाज मला कधीच मिळाला नाही असंही नाही. मिळाला. तिची पाठ दुखत होती त्या दिवसांत. स्कॅन झाला, फिल्म तिनेच आधी पाहिली. संध्याकाळी मला समोर बसवलं, प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि पेनाने चित्र काढायला लागली, पेशंटसाठी काढायची तसं. ‘हे जठर. याच्या मागे, आडवं, हे स्वादुपिंड. खूप आत असतं, म्हणून इथलं काही लवकर कळत नाही. कळतं तेव्हा ते बहुतेकदा पुढे गेलेलं असतं.’ मग एक ठिपका काढला. मग ठिपक्यापासून यकृताकडे एक बाण. काय करता येईल, काय येणार नाही, कशाचा त्रास होईल, सगळं क्रमाने. मी मध्ये दोनदा तेच तेच विचारलं. दोन्ही वेळा तिने पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगितलं. शेवटी म्हणाली, ‘अजून काही विचारायचं आहे?’

हे ती प्रत्येकाला शेवटी विचारायची आणि उत्तराची खरोखर वाट पाहायची. मी नाही म्हटलं. त्या घटकेला एकच वाटत होतं, तिने माझ्यावर खेकसावं.

अक्का म्हणतात, माणूस घरच्यांवरच चिडतं, कारण तिथे त्याला सोंग घ्यावं लागत नाही. तुला खरी मिळाली, त्यांना नुसती डॉक्टर मिळाली. ऐकायला बरं वाटतं, पण पटत नाही. पेशंटपुढची ती सोंग नव्हती. मी पाहिलंय ना तिला. ती तिथे जास्त ती होती. दमून घरी यायची ते जे उरायचं ते आमचं, आणि तेही निम्मं लेकीचं, म्हणजे असायला हवंच. माझ्या वाट्याला किती, हा हिशेब मी बरेचदा मांडून पाहिलाय. तो दर वेळी कमीच भरतो.

हे लिहिता लिहिता नागीण आठवली.

म्हणजे मला झाली होती ती. छातीच्या एका बाजूला, बरगडीखाली आग आग व्हायची. घरी सांगितलं तर तिने पेपरमधून डोकं वर न काढता ‘स्नायू आखडला असेल, उशी बदल’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुरळ दिसलं. मी काही बोललो नाही. सरळ उठून तिच्या ओपीडीत गेलो, खिडकीवर नाव लिहिलं, केसपेपर घेतला आणि ओळीत बसलो. खिडकीवरच्या मुलीने ओळखलं, आत पाठवते म्हणाली. मी नको म्हटलं. दीडएक तास बसलो असेन. बाकावर सगळे तिचं कौतुक करत होते आणि मी मान डोलवत होतो.

आत गेलो तर तिने वर पाहिलं, एक क्षण थांबली, आणि पट्ठी म्हणते, ‘बसा. काय त्रास होतोय?’

‘दुखतंय.’

‘कधीपासून? दाखवा कुठे. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?’ शर्ट वर करायला लावला, दिव्याखाली पाहिलं, हातसुद्धा आधी चोळून गरम करून लावला. मग कागदावर मणक्याचं चित्र. कांजिण्यांचा विषाणू बरा झाल्यावर जात नाही, नसेच्या मुळाशी दबा धरून बसतो, वय वाढलं की कधीतरी उठतो. पुरळ आल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू केल्या तर उपयोग जास्त, बरं झालं तुम्ही लवकर आलात. दिवसातून पाच वेळा घ्यायच्या. विळखा पूर्ण झाला की माणूस मरतो हे खोटं आहे, घाबरू नका. ‘अजून काही विचारायचं आहे?’

‘घरी बायकोला दाखवलं होतं, तिने उशी बदलायला सांगितली.’

शेजारी बसलेली तिची ज्युनियर खोकण्याचं निमित्त करून बाहेर गेली. ही मात्र पेन खाली ठेवून अगदी गंभीरपणे म्हणाली, ‘घरच्या डॉक्टरचं औषध घेत जाऊ नका.’

ती सात-आठ मिनिटं. मी नंतर कितीतरी दिवस त्यावर खूश होतो, नागीण चांगलीच ठणकत असतानाही. रात्री घरी येऊन तिने आकांडतांडव केलं, माझी शोभा केलीस, एवढे लोक काय म्हणाले असतील, वगैरे. आणि मग गोळ्यांसाठी पहाटे गजर लावून मला उठवायची, घे, तोंड उघड, आणि माझं तोंड मिटायच्या आत परत झोपलेली असायची. हेही हिशेबात धरायला हवं होतं का? कुठल्या रकान्यात, ते कळत नाही.

दुपारी शेवटी तो मेसेज मी त्या ज्युनियरकडे पाठवला. ज्युनियर कसली, आता तीच तिथे बसते. तिने लगेच पेशंटला फोन केला, सगळं सांगितलं, मग मला कळवलं, ‘सर, झालं. मी म्हटलं, रिपोर्ट नॉर्मल आलाय तो गोळीमुळे आलाय.’

अक्षरशः तेच वाक्य. मला आधी रागच आला. वाक्यसुद्धा घेऊन गेले लोक. मग वाटलं, ओट्याशी उभं राहून ऐकलेलं मला पाठ झालं, तर बाजूला बसून ऐकणाऱ्या मुलीला का होऊ नये? आणि तिच्याजवळ ते निदान कामाला तरी येतंय. मला ते पाठ असून मी सकाळपासून फोन हातात धरून बसलो होतो.

तिने पुढे विचारलं, सर, तुमचं बीपी शेवटचं कधी पाहिलं? मग संध्याकाळी गेलो. केसपेपर काढून, ओळीत. बाकावरचे बरेच चेहरे नवे होते. दीडशेवर पंच्याण्णव निघालं. तिने पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं, तरी तेवढंच. तपासण्या लिहून दिल्या, मिठाबद्दल सांगितलं, चित्र काढलं नाही. शेवटी तिने विचारलं, ‘सर, आधीच्या गोळ्या रोज घेताय ना?’

मी हो म्हटलं. तिने मान डोलावली आणि तसं लिहूनही घेतलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी असल्या ‘हो’वर पेन उचललं नसतं, नुसतं बघत बसल्या असत्या, समोरचा खरं बोलेपर्यंत. हिला अजून ते जमत नाही. शिकेल.