बाटलीची जागा

माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे सायकलची फ्रेम सगळ्यांत लहान मापाची. तिच्या त्रिकोणात पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात, पण सीटखालच्या नळीवरची बाटली वर ओढली की तिचं तोंड आडव्या नळीला थडकतं. पसरणी घाटात एका हाताने ही झटापट करताना माझा तोल गेला होता.

बाटलीच्या स्टँडच्या दोन भोकांमध्ये ६४ मिलिमीटर अंतर असतं, ते जवळपास सगळीकडे सारखंच. प्रश्न असतो तो ती भोकं नळीवर किती खाली पाडायची याचा. माझं ठाम मत आहे की जितकी खाली जातील तितकी खाली. वजन खाली राहतं, वर बॅगेला जागा उरते. फक्त पुढच्या डिरेलरची, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाची, नळीवरची पट्टी आड येऊ नये आणि दोन्ही बाटल्यांचे बूड एकमेकांना भिडू नयेत. लहान फ्रेम बनवणाऱ्यांनी एवढं तरी मोजून पाहायला हवं!

मी शेवटी लांब खाचांची धातूची पट्टी लावून स्टँड तीन सेंटिमीटर खाली सरकवला, आणि बाजूने बाटली काढता येईल असा स्टँड घेतला. उजव्या हाताने काढायची सवय, म्हणून उघडी बाजू उजवीकडे.

खालच्या नळीच्या पोटाशी तिसरी जागा आहे. तिथे पुढच्या चाकाचा सगळा चिखल उडतो. पावसाळ्यात तिथलं पाणी मी पीत नाही, तिथे पंक्चरच्या सामानाचा डबा ठेवते.