चौथी कॉइल

आमच्या कारखान्यातल्या एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या बॅचचं ५२ व्या तासाचं सॅम्पल आलं, जंतू रंगवून ओळखायचा ग्रॅम स्टेन केला, आणि जांभळ्या तंतूंच्या मधल्या मोकळ्या जागेत गुलाबी, आखूड दांडे दिसले. हे औषध बनवणाऱ्या सॅकॅरोपॉलिस्पोरा एरिथ्रिया या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूच्या स्लाइडवर सगळं जांभळंच दिसायला हवं. गुलाबी दिसलं की ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे बाहेरून आलेलं. ६० हजार लिटरच्या त्याच टाकीत त्या उन्हाळ्यातली ही तिसरी कंटॅमिनेटेड बॅच. आत ४२ हजार लिटर माल होता.

टाकीची लक्षणंही जुळत होती. डीओ, म्हणजे मालात विरघळलेला ऑक्सिजन, ४० टक्क्यांवरून पाच-सहा तासांत २० च्या खाली आलेला, एजिटेटरचा (ढवळणीचा) वेग वाढवूनही वर येईना. पीएच ६.९ वरून ७.३ कडे सरकलेला, म्हणजे कोणीतरी सोयाबीनच्या पिठातली प्रथिनं फोडून अमोनिया सोडत होतं.

तरीही पहिला प्रश्न एकच असतो: जंतू टाकीत आहे की सॅम्पल व्हॉल्व्हमध्ये? व्हॉल्व्हवर वाफ नीट बसली नाही, नळीच्या तोंडाशी जुना माल सुकून राहिला, तरी स्लाइडवर असंच दिसतं. त्यामुळे व्हॉल्व्ह २० मिनिटं वाफेवर ठेवायचा, पहिला पाव लिटर सोडून द्यायचा, आणि तासातासाच्या अंतराने तीन सॅम्पल घ्यायची. व्हॉल्व्हमधली घाण असेल तर आकडे वर-खाली होतात. टाकीतली असेल तर शिस्तीत वाढतात. दुसऱ्या दिवशी प्लेटांवर उगवलेल्या वसाहती मोजल्या तेव्हा ५२ व्या तासाला दर मिलीला ८ लाख, ५३ व्या तासाला २३ लाख आणि ५४ व्या तासाला ६४ लाख निघाले. दर तासाला २.८ पट. म्हणजे दुप्पट व्हायला ४० मिनिटं, आणि जंतू टाकीतच.

इथे एक गोष्ट नव्या मुलामुलींना मी नेहमी सांगते. एरिथ्रोमायसिनच्या मालाची सरळ प्लेट टाकली तर मालातलं औषध प्लेटवर उतरतं आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू दबून राहतो. बॅसिलस असला तरी प्लेट स्वच्छ दिसते. म्हणून सॅम्पल आधी निदान शंभरपट पातळ करायचं, मग मेंब्रेनवरून गाळून पेप्टोन वॉटरने धुवायचं आणि मेंब्रेन अगारवर ठेवायचं. या वेळी तसं करूनही बॅसिलस नव्हता. होता तो एकच: ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, सेट्रिमाइड अगारवर हिरवा, ४२ अंशांवरही वाढणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा. एरिथ्रोमायसिनला तो जुमानत नाही. आपलं औषध त्याच्या ग्रॅम-पॉझिटिव्ह स्पर्धकांना मारत राहतं आणि त्याला टाकी मोकळी मिळते.

दुपारच्या मीटिंगमध्ये प्रॉडक्शनचा प्रस्ताव तयार होता. "मॅडम, स्टरिलायझेशन ३० मिनिटांचं ६० करू." कंटॅमिनेशन आलं की हा प्रस्ताव येतोच, कारण तो लगेच अमलात आणता येतो. पण हिशोब करून बघा. मीडियममध्ये (जंतूंच्या खाद्यात) दर मिलीला दहा लाख चिवट स्पोअर (उष्णता सोसणारी बीजरूपं) आहेत असं अगदी वाईट गृहीत धरलं आणि हजार बॅचमागे एकच बॅच बिघडावी एवढी कडक अट घातली, तरी १२१ अंशांवर साधारण १५ मिनिटं पुरतात. आपण ३० देतोच आहोत. ६० दिली तर साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी लागून मीडियम काळवंडतं, उत्पादन उतरतं. आणि स्यूडोमोनासला तर १२१ अंशांची गरजच नाही, तो ७० अंशांवर काही मिनिटांत मरतो. तो स्टरिलायझेशनमधून जिवंत वाचला असं म्हणणं शास्त्रात बसत नाही. तो नंतर आला. प्रश्न फक्त कधी आणि कुठून, एवढाच.

कधी याचं उत्तर फ्रिजमधल्या जुन्या सॅम्पलांत होतं. दर आठ तासांनी घेतलेलं सॅम्पल आम्ही ४ अंशांवर ठेवून देतो. ही सवय प्रत्येक कारखान्यात असावी असं माझं ठाम मत आहे, आणि जागा नाही म्हणून बॅच संपायच्या आत बाटल्या फेकून देणाऱ्यांशी मी वाद घालत आले आहे. स्लाइडवर दांडा दिसायला मिलीला सात-आठ लाख पेशी तरी व्हाव्या लागतात, त्याआधीची सगळी हालचाल सूक्ष्मदर्शकाला कळतच नाही. ४४ व्या तासाची स्लाइड स्वच्छ होती, पण त्याच सॅम्पलच्या प्लेटवर मिलीला २०० च्या आसपास वसाहती आल्या. आठ तासांत बारा दुपटी, म्हणजे सुमारे चार हजार पट. २०० गुणिले चार हजार बरोबर ८ लाख. आकडे एकमेकांना धरून होते, म्हणजे मागे जायला वाट पक्की होती.

३६ व्या तासाच्या प्लेटवर काहीच नव्हतं, आणि नसणारच. हिशोबाने तेव्हा २० मिलीत एक पेशी पडते. पण अख्ख्या टाकीत त्या २० लाख होतात. आणखी सहा तास मागे गेलं, नऊ दुपटी उलट्या मोजल्या, की ३० व्या तासाला संपूर्ण टाकीत चार हजार पेशी उरतात. २२ व्या तासाला एक. त्याच्या मागे जाताच येत नाही. सीडमधून, म्हणजे सुरुवातीला टाकलेल्या विरजणातून, एकच पेशी आली असती तरी ती ४५ दुपटींत, म्हणजे ३० व्या तासाच्या सुमाराला स्लाइडवर दिसली असती. त्यामुळे सीड, ते टाकीत सोडणारी इनॉक्युलमची लाइन, मीडियम, तिन्ही सुटले.

एअर फिल्टरवर फार वेळ घालवला नाही. ०.२ मायक्रॉनच्या कार्ट्रिजची इंटेग्रिटी टेस्ट पास होती, आणि फाटलेल्या फिल्टरमधून हवेतले स्पोअर, मायक्रोकोकस, बुरशी असं मिश्र येतं, तिन्ही बॅचना एकच पाण्यातला जंतू येत नाही. एजिटेटरच्या डबल सीलला स्टीम कंडेन्सेट (वाफेचं निर्जंतुक पाणी) होतं, त्याचं प्रेशर आणि तापमान दोन्ही नोंदीत ठीक. राहिलं पाणी. टाकीत पाणी फक्त कॉइलमधून, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या आतल्या पाइपच्या वेढ्यांतून फिरतं: चार कॉइल, चिल्ड वॉटर, सव्वातीन किलो प्रेशर. टाकीत वर ०.६ किलो, तळाशी मालाच्या उंचीचे आणखी सुमारे ०.७ धरले तरी दीड किलोच्या आत. कॉइलला भोक असेल तर पाणी आत येणार, माल बाहेर जाणार नाही. स्टरिलायझेशनच्या वेळी मात्र कॉइल रिकामी असते आणि टाकीत १.१ किलो वाफ असते, तेव्हा प्रवाह उलटा. प्रेशरची दिशा कोणत्या टप्प्यावर फिरते हे पाहिल्याशिवाय कंटॅमिनेशनचा माग लागत नाही.

चिल्ड वॉटरच्या उघड्या रिटर्न टाकीतून सॅम्पल घेतलं. मिलीला हजारभर स्यूडोमोनास, तोच हिरवा रंग, तोच अँटिबायोग्राम (कोणत्या औषधांना जंतू दाद देतो त्याचा नमुना). ३० व्या तासाच्या त्या चार हजार पेशी म्हणजे या पाण्याचे जेमतेम चार मिली.

पण मेंटेनन्सचं म्हणणं असं, की दुसऱ्या बॅचनंतर चारही कॉइलची हायड्रो टेस्ट (पाणी भरून, दाब देऊन गळती बघणं) झाली आहे, ५ किलोवर अर्धा तास काटा हलला नाही. रजिस्टरमध्ये तशी नोंद होती आणि ती खरी होती. शिवाय कॉइल फुटली असेल तर थंड करतानाच, १२१ वरून ३३ अंशांवर येतानाच पाणी शिरायला हवं होतं, ३० व्या तासाची वाट कशाला? हा आक्षेप योग्य होता. उत्तर शिफ्टच्या लॉगबुकात मिळालं. थंड करायला आणि नेहमीच्या चालवण्याला तीन कॉइल पुरतात. चौथी राखीव. वाढ जोरात असताना, म्हणजे साधारण २५ ते ३६ तासांच्या दरम्यान, उष्णता आवरेनाशी झाली की ऑपरेटर ती हाताने उघडतो. पहिल्या खराब बॅचला चौथी कॉइल ३६ व्या तासाला उघडलेली, दांडे ६० व्या तासाला दिसलेले. दुसरीला २९ आणि ५२. आताच्या बॅचला ३० आणि ५२. आणि दुसरी-तिसरीच्या मध्ये एक बॅच १६८ तास स्वच्छ चालली होती. त्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला, चिलरवरचा भार उतरला, आणि लॉगबुकात चौथी कॉइल उघडल्याची नोंदच नव्हती.

बॅच थांबवायचा निर्णय मात्र तिसरं सॅम्पल घेतलं त्याच संध्याकाळी झाला होता. ५४ तासांचा माल काढण्याजोगा नव्हता. टाकीतच वाफेने मारला, मग आम्लाने पीएच ३ च्या खाली नेऊन ठेवला, कारण एरिथ्रोमायसिन आम्लात टिकत नाही. नंतर उदासीन करून ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्लँटला, थोडा थोडा सोडला. औषधासकट माल एकदम गेला तर ईटीपीतले जंतू दबतात आणि औषध पुढे पाण्यात जातं.

टाकी २ टक्के कॉस्टिकने ८० अंशांवर धुतली, मॅनहोल उघडला, ऑक्सिजन मोजून परमिट घेतलं, बाहेर माणूस उभा केला. चौथी कॉइल दोन्ही टोकांना सोडवून हवेने पूर्ण कोरडी केली, टोकं बंद केली आणि आत ३ किलो हवा भरली. फिटरमामा ब्रशने साबणाचं पाणी लावत वरून खाली आले. उघड्या पाइपवर काही नाही. खालून दुसऱ्या वेढ्यापाशी, सपोर्टच्या क्लँपमध्ये त्यांनी ब्रश घुसवला आणि टॉर्च धरली. क्लँपच्या कडेने बुडबुड्यांची मोहरीएवढ्या दाण्यांची माळ येत होती, एक फुटला की मागचा वर. "मॅडम, हितंच हाय," एवढंच म्हणाले. क्लँप काढला, डाय पेनेट्रंट (तड्यात शिरणारा लाल रंग) लावलं. पांढऱ्या डेव्हलपरवर वेल्डला खेटून चार मिलिमीटरची लाल रेघ उमटली.

मग हायड्रो टेस्ट पास कशी झाली? या कॉइलमध्ये २०० लिटरच्या आसपास पाणी मावतं. ती शंभर टक्के पाण्याने भरलेली असेल तर १० मिली गळताच प्रेशर जवळजवळ एक किलोने पडतं, कारण पाणी दबत नाही. पण वरच्या वेढ्यांत पाच लिटर हवा अडकलेली असली, तर तेच १० मिली गेल्यावर काटा किलोच्या शंभराव्या भागाएवढा हलतो. ०.१ च्या खुणा असलेल्या गेजवर ते दिसत नाही. व्हेंटमधून हवा न काढता केलेल्या हायड्रो टेस्टमध्ये बारीक गळती सापडत नाही, मग ती ५ किलोवर करा की १० वर. आमच्या कॉइलची गळती तासाला काही मिलीच होती.

तो तुकडा कापून उभा चिरला तेव्हा कारणही कळलं. तडा बाहेरून आत गेलेला नव्हता. आतल्या, पाण्याच्या बाजूने त्याला फाटे फुटले होते. फाटे असलेला तडा म्हणजे क्लोराइडमुळे होणारं स्ट्रेस करोजन. स्टेनलेस स्टीलला त्यासाठी तीन गोष्टी लागतात: क्लोराइड, ६० अंशांच्या वरचं तापमान आणि वेल्डमध्ये उरलेला ताण. चालू तीन कॉइल स्टरिलायझेशनआधी हवेने फुंकून रिकाम्या केल्या जात. चौथी बंद म्हणून तिला कोणी फुंकत नसे, फक्त ड्रेन अर्धा उघडा ठेवत. तिचा ड्रेन सर्वांत खालच्या वेढ्याच्या वर बसवलेला होता, त्यामुळे खाली पाणी साचून राही. दर स्टरिलायझेशनला ते १२१ अंशांच्या टाकीत उकळून उडे आणि बोअरवेलच्या पाण्यातलं क्लोराइड मागे राही, दर वेळी थोडं अधिक. सर्वांत कमी वापरलेली कॉइल सर्वांत आधी गेली ती यामुळे.

दुरुस्तीत दोन वेढे ३१६ एल पाइपचे नवे टाकले, आतून आर्गॉन देऊन टिग वेल्डिंग केलं, जोडांची रेडिओग्राफी घेतली. हायड्रो टेस्ट व्हेंटमधून अखंड पाण्याची धार येईपर्यंत थांबून, मगच पंप लावून केली. त्यानंतर इनॉक्युलम न टाकता नुसतं मीडियम स्टरिलाइझ करून ७२ तास ठेवलं, चौथी कॉइल पहिल्या तासापासून पूर्ण उघडी, आणि प्रत्येक सॅम्पल स्लाइडबरोबर प्लेटवरही. सगळ्या प्लेटा कोऱ्या राहिल्या.

एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) तीन बदल झाले. ड्रेन सर्वांत खालच्या वेढ्याला आणला. चारही कॉइल, चालू असो वा बंद, वाफेआधी हवेने फुंकायच्या. आणि चौथी राखीव न ठेवता चारही आळीपाळीने वापरायच्या, म्हणजे कुठल्याच कॉइलमध्ये पाणी महिनोन्‌महिने पडून राहणार नाही. चिल्ड वॉटरचं क्लोराइड आता दर आठवड्याला क्यूसी लॅब मोजते.

शेजारची टाकी त्याच बांधणीची होती आणि तिच्यात एकही बॅच बिघडलेली नव्हती. तरी तिची चौथी कॉइल उघडायला लावली, प्लॅनिंगवाल्यांची नाराजी घेऊन. हवेच्या टेस्टला ती पास झाली. पण खालचा वेढा कापून बघितला तर आत वेल्डच्या बाजूला तसेच फाटे दिसले, अजून आरपार न गेलेले. तिचेही दोन वेढे बदलले.