काकूंच्या पुड्यातला जवळा

बसमध्ये मी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं होतं : नासी लमाक, रोटी चनाय आणि तेह तारिक म्हणजे मलेशियाची न्याहारी, २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. टूर मॅनेजरला अशी माहिती फेकायची हौस असतेच. तोंडघशी पडलो ते पुढच्या अर्ध्या तासात.

पेनांगचं जॉर्जटाउन, सकाळचे आठ. ग्रुपमध्ये कणकवलीच्या एक काकू होत्या, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्यासाठी मी गाडीवाल्या मावशींना बजावलं, ‘इकान ताक माऊ, तलूर ताक माऊ.’ मासा नको, अंडं नको. मावशींनी तळलेले इवलेसे इकान बिलिस आणि अर्धं अंडं इमानदारीत बाजूला काढलं. नासी लमाक म्हणजे केळीच्या पानात नारळाच्या दुधात शिजलेला भात, काकडी, शेंगदाणे आणि लालभडक सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी. भाताला पांदानच्या पानाचा वास, थेट आंबेमोहोरासारखा.

काकूंनी पहिला घास घेतला आणि चावायच्याच थांबल्या.

“रे झिला, ह्येच्यात जवळो आसा.”

मी हसलो. “काकू, मासे काढलेत सगळे.”

“माळ घालूच्या आधी चाळीस वर्सां खाल्लंय मी जवळो. माका शिकवतंस?”

पुडा नाकाशी नेला आणि माझ्या पोटात गोळा आला. मी रत्नागिरीचा, कळायला हवं होतं. मावशींना विचारलं, ‘बलाचान?’ त्या खुशीत म्हणाल्या, ‘आदा, आदा!’ आहे की! बलाचान म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ लावून, कुटून, आंबवून, उन्हात वाळवून केलेली वडी. भाजून सांबालात घालतात. मिरचीइतकीच नेहमीची, त्यामुळे ‘मासा नको’ म्हटल्यावर ती काढायची असते हे त्यांच्या डोक्यात येणार तरी कसं? चूक माझीच.

काकूंनी चार चुळा भरल्या, माळेला हात लावला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग लिटल इंडियात पुतू मायम दिसलं. वाफवलेल्या तांदळाच्या शेवया, वर खवलेलं खोबरं आणि गूळसाखर. आधी मी तीनदा खात्री केली, मगच पान त्यांच्या पुढ्यात धरलं.

“हे तर शिरवाळे,” काकू म्हणाल्या. दोन खाल्ले. मग आजूबाजूला बघत, “रस खंय?”

रात्री मात्र त्या जेवल्या नाहीत. मी वहीतलं मलय वाक्य खोडून नवं लिहिलं : बलाचान ताक माऊ.