भिंतीवरचा हट्टी कागद

इंग्लंडमधल्या जुन्या घरात राहायला गेलेल्या मराठी माणसाला भिंतींची ओळख नव्याने करून घ्यावी लागते. आपल्याकडे भिंत म्हणजे चुना, डिस्टेंपर किंवा ऑइलपेंट. पावसाळ्यात पोपडे सुटतात आणि दिवाळीआधी ते खरवडून रंगाचा नवा हात मारला की वर्षभराची निश्चिंती होते. इथली व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, भिंतीला भिंत लावून बांधलेली घरे मात्र आतून कागदाने मढवलेली असतात, आणि जुना कागद न काढताच त्यावर नवा चढवण्याचा आळस इतक्या पिढ्यांनी केलेला असतो की एखादा कोपरा उचकटला तर आधीच्या मालकांच्या आवडीनिवडी उलट्या क्रमाने बाहेर पडू लागतात.

आमच्या जिन्यालगतच्या भिंतीवर सर्वांत वर वुडचिप होता. कागदाच्या दोन थरांमध्ये लाकडाच्या बारीक कपच्या घालून केलेला हा खडबडीत प्रकार ह्यूगो एरफुर्ट या जर्मन औषधविक्रेत्याने १८६४ मध्ये शोधला. गिलाव्यातल्या भेगा आणि उंचवटे तो बेमालूम झाकतो, एवढाच त्याचा गुण. आणि म्हणूनच तो काढताना खाली काय निघेल या धास्तीने निम्मे लोक कामाला हातच घालत नाहीत.

खरे तर जुना कागद स्वतः मुळीच हट्टी नसतो. तो पिठाच्या किंवा स्टार्चच्या खळीने चिकटवलेला असतो, आणि आपण लहानपणी पतंगांसाठी शिजवत असू त्या खळीप्रमाणेच तीही पाणी पिऊन फुगते व पकड सोडते. हट्ट असतो तो नंतर चढवलेल्या रंगाचा. ऑइलपेंटचे दोन-तीन हात बसले की पाणी खळीपर्यंत पोहोचतच नाही, आणि मग माणूस पात्याला जोर लावून गिलावा उकरत बसतो. त्यापेक्षा आधी रंगाच्या थराला दातेरी चाकाने बारीक छिद्रे पाडावीत, कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब घालून भिंत भिजवावी आणि निमूटपणे चहा करायला जावे. वाफेचे यंत्र भाड्याने मिळते व ते कामही झपाट्याने करते. पण जुना गिलावा चुन्यात जनावरांचे केस कालवून केलेला असतो, आणि वाफेची पाटी एकाच जागी फार वेळ धरली की कागदाबरोबर तोही सुटून येतो. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्यामुळे कोरडी घासाघीस तर करूच नये.

वुडचिपच्या खाली तपकिरी वेलबुट्टी निघाली आणि तिच्याखाली फिकट हिरवी. हिरवा रंग दिसताच मी थबकलो. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तयार केलेल्या हिरव्या रंगात सोमल, म्हणजे विषारी आर्सेनिक, होता, आणि एकोणिसाव्या शतकात तो भिंतीवरच्या कागदांवर सर्रास वापरला जाई. नक्षीदार कागदांसाठी आजही नावाजला जाणारा विल्यम मॉरिस हा सोमल काढणाऱ्या खाणीच्या कंपनीचा काही काळ संचालक होता, हे कळल्यापासून त्याच्या फुलापानांकडे मला पूर्वीच्या भाबडेपणाने पाहता येत नाही. आमचे घर त्या हिरव्या रंगाच्या भरभराटीनंतरचे. तरीही तो थर मी ओलाच ठेवून, मुखपट्टी लावून काढला.

एवढा कागद भिंतींवर आला तरी कुठून? इंग्लंडमध्ये १७१२ पासून रंगीत कागदावर कर होता, आणि लोक कोरा कागद विकत आणून त्यावर हाताने नक्षी काढून तो चुकवत. १८३६ मध्ये कर उठला, पाठोपाठ छपाईची यंत्रे आली आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली चैन गिरणी कामगाराच्या खोलीतही परवडू लागली. इतका स्वस्त झालेला कागद काढून टाकण्याचे कष्ट कोण घेणार? त्यापेक्षा त्यावर दुसरा चिकटवणे सोपे.

कागद निघाला की लोक थेट रंगाचा डबा उघडतात, ही घाई मात्र महागात पडते. गिलाव्यावर खळीचा पातळ थर उरलेला असतो आणि त्यावर दिलेला रंग पुढे तडकतो. म्हणून स्पंज आणि कोमट पाण्याने भिंत धुऊन काढावी, वाळल्यावर तिच्यावरून तळहात फिरवावा, आणि तो जरा जरी चिकट लागला तरी पुन्हा बादली भरावी.